एका तासाच्या सदुसष्ट ओळी

"आईनं बटण दाबलं होतं की नाही, एवढंच मला कळायला हवंय," ती म्हणाली. "कुणाला शिक्षा व्हावी म्हणून मी आलेले नाही."

वहिनींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. संगणकांच्या जाळ्यांसाठी प्रोग्राम लिहिण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. आता त्या लोकांच्या अडलेल्या गोष्टी शोधून देत. शेजारी वही उघडून त्यांचे धाकटे दीर बसले होते. घरोघरी पाण्याचे मीटर वाचण्यात त्यांची सगळी नोकरी सरली होती. वहिनी त्यांना भावोजी म्हणत, म्हणून सगळेच म्हणत.

"सावकाश सांगा," वहिनी म्हणाल्या.

आई वर्तमानपत्राच्या छापखान्यात मुद्रितशोधक होती. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या, मग नजर गेली. फोनचे आकडे दिसेनात. एकटी राहायची, म्हणून लेकीनं तिच्या गळ्यात एक डबी अडकवली. डबीवरचं बटण दाबलं की दोन गल्ल्या पलीकडच्या मदत केंद्रात घंटा वाजते आणि तिथली बाई फोन करते, नाहीतर माणूस पाठवते.

"दोन आठवड्यांपूर्वी केंद्राचं पत्र आलं. या महिन्यात नऊ वेळा विनाकारण हाक मारली, दहावी झाली की सेवा बंद. मी सकाळी दुकानात होते, औषधं घ्यायला रांग लागलेली. तिथूनच फोन केला आणि ओरडले." ती थांबली. "म्हटलं, मरायला टेकलीस तरच दाब."

भावोजींची पेन्सिल थबकली.

"त्यानंतर तिनं एकदाही दाबलं नाही. गेल्या मंगळवारी संध्याकाळी सहाला मी गेले, तर बोळात पडलेली. फोनचं टेबल आडवं, रिसीव्हर वायरीला लोंबकळत होता. डॉक्टर म्हणतात, सव्वादोननंतर कधीतरी पडली आणि तीनच्या सुमारास गेली. अंगठा बटणावर होता. पण केंद्र म्हणतं, हाक आलीच नाही." तिनं पदराऐवजी हाताच्या पंजानं डोळे पुसले. "म्हणजे माझं ऐकलं तिनं. मरेपर्यंत ऐकलं."

केंद्र म्हणजे तीन खोल्या. मालक दारातच भेटले, गोरेगोमटे, घाईतले.

"तुम्ही वही आणलीत? आमच्याकडे सगळं संगणकात असतं," ते भावोजींना म्हणाले.

"संगणक बंद पडला की वही लागते," भावोजी म्हणाले.

मालक हसले, पण थोडंच. "हे बघा, माझ्यावर बालंट नको. त्या बाईंच्या लेकीला पत्र गेलं, त्यानंतर तिथून एकही खोटी हाक नाही. पत्राचा उपयोग झाला. यंत्रणेत खोट शोधत असाल तर वेळ घालवू नका. नवीन डबी बसवताना आमचा माणूस वीस वेळा बटण दाबून बघतो. वीसदा घंटा वाजली तर टेबलावरच्या बाई पळून जातील! त्याचीसुद्धा सोय केलीय आम्ही. सगळा विचार केलाय."

"मंगळवारी दुपारी तुम्ही कुठे होतात?"

"जेवायला. मी आणि आमचा प्रोग्रामर दोघंही. सव्वादोन ते तीन रोज. टेबलावर बाई असतातच."

प्रोग्रामर आतल्या खोलीत होता. चाळिशीचा, दाढीचे खुंट वाढलेला, अपमान झाल्यासारखा बसलेला.

"सगळे माझ्याकडेच बघतायत," तो म्हणाला. "फाइल बदलायची तर मीच बदलू शकतो, नाही का?"

"बदललीत?"

"नाही."

"मग मला नीट समजवा. भावोजींना कळेल असं."

तो जरा सैलावला. जाळ्यावरून जाणारा निरोप लहान पाकिटात घालून जातो, त्यानं सांगितलं. साध्या प्रोग्रामला आतलं पत्र तेवढं मिळतं, पाकीट वरच्या वर फाडलेलं असतं. "माझा प्रोग्राम रॉ सॉकेट उघडून बसतो. पाकीट यंत्राच्या दारात जसं दिसेल तसं टिपतो, शिक्क्यासकट. येणारं आणि जाणारं, दोन्ही."

"म्हणजे पोस्टमनच्या पिशवीत हात," भावोजी म्हणाले.

"पिशवी आमचीच आहे, काका." त्यानं पडद्यावर यादी आणली. "डबी दर मिनिटाला 'ठीक आहे' असं पाकीट पाठवते. बटण दाबलं की त्याच क्षणी 'हाक'. प्रत्येक पाकिटावर पुढचा क्रमांक. मंगळवारी एकही क्रमांक गहाळ नाही आणि एकही हाक नाही. संपलं."

वहिनी यादी बघत होत्या. "सगळी पाकिटं पन्नास बाइटची?"

"मूळ निरोप तेवढाच. तारेवर साठाच्या आतलं पाकीट चालत नाही, म्हणून निघताना अगदी शेवटी नेटवर्क कार्ड मागे शून्यं कोंबून साठ करतं. तो नुसता भुसा. मी रिपोर्टमधून कापून टाकतो."

"न कापलेली फाइल आहे?"

"आहे की. कुणी मागत नाही."

"मी मागते. आधीच्या दहा दिवसांचीही द्या."

बाहेरच्या खोलीत घंटेच्या टेबलामागे पन्नाशीची बाई बसली होती. हेडफोन गळ्यात, पुढ्यात घडी घातलेलं वर्तमानपत्र. समासात लाल पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या. कुठे काना वाढवलेला, कुठे शब्दाभोवती गोल.

"पेपर तपासता?" वहिनींनी विचारलं.

"अलीकडची सवय." तिनं पेपर उलटा केला. "चुका खुपायला लागल्या."

"त्या आजींना ओळखत होता?"

"आवाजानं. इथून सगळे आवाजच असतात."

"मंगळवारी तुम्ही त्यांना फोन केला होता?"

"हाक आली नाही, तर फोन कशाला करायचा?" ती पटकन म्हणाली. मग हळूच, "एक विचारू? त्या दिवशी दुपारी लेकीचा फोन आला होता का हो त्यांना?"

"नाही. लेक म्हणते, त्या दिवशी बोलणंच झालं नाही."

बाई "बरं" म्हणाली. पेन्सिल उचलून तिनं डब्यात ठेवली, पुन्हा काढली, पुन्हा ठेवली.

जिना उतरताना भावोजी म्हणाले, "मला तर प्रोग्रामरच वाटतो. उगाच चिडतो."

"चिडणारा माणूस काही लपवत असतोच असं नाही, भावोजी. तुम्ही रोज चिडता."

घरी वहिनींनी मूळ फाइल छापून भावोजींपुढे टाकली. "मीटर समजून वाचा. दुपारी दोन ते तीन."

भावोजींनी पट्टी धरली आणि बोटानं ओळी मोजल्या. मग परत मोजल्या. "वहिनी, यंत्र दर मिनिटाला एक पाठवतं ना?"

"हो."

"तासाची साठ मिनिटं. इथे सदुसष्ट ओळी आहेत. क्रमांक मात्र सलग. मागचं वाचन, चालू वाचन, वजाबाकी सदुसष्ट."

"आणि आकार?"

"साठ, साठ, साठ. सव्वादोनला पन्नास सुरू. तीनपर्यंत पन्नास. मग पुन्हा साठ."

"आधीचे दिवस?"

ते काम तासभर चाललं. दहाही दिवस सव्वादोन ते तीन पन्नास. दहाही दिवस त्या तासात एकसष्ट ओळी. वेळांकडे बघताना त्यांना आणखी एक दिसलं. बाकीची पाकिटं मिनिटाच्या बाराव्या सेकंदाला ठरल्यासारखी येत होती. जास्तीचं एकच ताल सोडून यायचं, अडीचच्या आगेमागे.

वहिनींचा चेहरा बघून भावोजींनी विचारायचं टाळलं. कोडं सुटलं की त्या एरवी चहा मागत. आज मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांच्या खोलीत सगळे जमले. लेक खिडकीशी बसली. टेबलावरची बाई दारापाशी उभी होती. तिथून घंटा ऐकू येते, असं ती म्हणाली.

"फाइल कुणी बदलली, तेवढं सांगा," मालक म्हणाले आणि प्रोग्रामरकडे बघितलं.

"कुणीही बदललेली नाही," वहिनी म्हणाल्या. "ती खरी आहे, म्हणूनच बोलते. बाहेरून आलेल्या पाकिटात भुसा भरलेला असतो, ते साठाचं. पण याच यंत्रानं स्वतः पाठवलेलं पाकीट रॉ सॉकेटला कार्डापर्यंत पोचण्याआधीच दिसतं. तेव्हा भुसा भरलेला नसतो. ते पन्नासाचं दिसतं."

प्रोग्रामरचं तोंड उघडं राहिलं.

"मंगळवारी सव्वादोन ते तीन, या घराच्या नावाची सगळी पाकिटं पन्नासाची आहेत. म्हणजे ती त्या घरातून आलेली नव्हती. इथे तयार झाली होती. नवीन डबी बसवताना घंटा वाजू नये म्हणून सोय आहे, असं मालक म्हणाले. ती कशी चालते?"

"मूक," प्रोग्रामर पुटपुटला. "एका घरापुरती लावायची. मग प्रोग्राम त्या घरचं मूळ पाकीट न टिपताच बाजूला टाकतो, त्याची नवी प्रत करून पुढे सोडतो. तोच क्रमांक. फक्त 'हाक' असेल तिथे..." तो थांबला.

"बोला."

"तिथे 'ठीक आहे' लिहितो."



"दर मिनिटाचं एक, अशी साठ," वहिनी म्हणाल्या. "भावोजींना सदुसष्ट मिळाली. वरच्या सात हाका होत्या, 'ठीक आहे'चा अंगरखा घातलेल्या."

"मूक लावलं कुणी?" मालक ओरडले. "हा रात्रंदिवस त्या यंत्रात..."

"हे जेवायला तुमच्याबरोबर होते. आणि कुणी लपवायला लावलं असतं तर एका दिवशी लावलं असतं. हे दहा दिवस आधीपासून चालू आहे, पत्र गेल्या दिवसापासून. रोज त्याच वेळी, रोज एक हाक. कुणाला तरी ती हाक यायला हवी होती, पण मोजली जायला नको होती. दहावी मोजली असती तर सेवा बंद." वहिनींचा आवाज खाली आला. "मुद्रितशोधनाच्या खुणा माणूस आपोआप शिकत नाही. कुणीतरी शिकवतं. आणि त्या दुपारी लेकीचा फोन आला होता का, हा प्रश्न कुणाला पडेल? ज्यानं फोन लावला आणि ज्याला तो एंगेज लागला, त्याला."

टेबलावरची बाई दाराला टेकली.

"त्यांना आकडे दिसत नव्हते," ती म्हणाली. "बटण तेवढं हाताला लागायचं. जेवण झालं की दाबायच्या, मी फोन करायचे, पेपर वाचून दाखवायचे. त्या कानानं चुका धरायच्या. 'तिथे स्वल्पविराम घेतलास का गं? मग छापणाऱ्यानं खाल्लाय.' पंधरा मिनिटं. नऊ हाका झाल्या आणि पत्र गेलं. मग मी सव्वादोनला मूक लावायला लागले. अडीचला फोन करायचा, तीनला काढायचं. त्यांना सांगितलं, तुम्ही दाबा हो, कोणी मोजत नाही."

"आणि मंगळवारी?" वहिनींनी विचारलं.

"अडीचला लावला. एंगेज. पावणेतीनला परत एंगेज." तिनं पहिल्यांदा लेकीकडे बघितलं. "मला बरं वाटलं. म्हटलं, लेकीचा फोन आला. किती दिवसांनी आला. मध्ये पडू नये. घंटा वाजणार नाही, हे... हे मला त्या वेळी आठवलंच नाही."

रिसीव्हर वायरीला लोंबकळत होता. भावोजींनी वहीत ते पहिल्याच पानावर लिहिलं होतं. दोन दिवस ती ओळ त्यांच्या डोळ्यांसमोर होती.

"मी आत्ता पोलिसांना कळवतो," मालक उठले. "ही बाई आजपासून..."

"कळवा," वहिनी म्हणाल्या. "पण सगळं कळवा. मूक आपोआप बंद होत नाही, हे या प्रोग्रामरचं. एकट्या माणसाच्या हाका मोजून दहाव्याला दार लावायचं, हे तुमचं."

मालक बसले. प्रोग्रामर आपल्या हातांकडे बघत होता.

"त्या सात हाका," लेक म्हणाली. "कधी कधी?"

वहिनींनी भावोजींकडे बघितलं. हे काम आपल्याकडे का दिलं, असं त्यांना वाटलं. त्यांनी वही उघडली. दारोदारी जाऊन आकडे वाचून दाखवायचे, तसेच वाचले.

"दोन एकवीस. दोन बावीस, दोनदा. दोन सव्वीस. दोन एकतीस. दोन चाळीस." त्यांनी बोट पुढच्या ओळीवर नेलं. "शेवटची दोन बावन्न."

"आणि आधीचे दहा दिवस?"

"रोज एक. चुकला दिवस नाही."

"मी ओरडले त्याच दिवशीसुद्धा?"

"त्याच दिवशी. दोन एकोणतीसला."

ती उठली. टेबलावरच्या बाईसमोर जाऊन उभी राहिली. भावोजींना वाटलं, आता हात उगारते. पण तिनं एवढंच विचारलं, "मंगळवारचा पेपर?"

बाईनं टेबलाच्या खणातून तो काढून दिला. घडी मोडलेली नव्हती, समासात एकही लाल खूण नव्हती. लेकीनं तो घेतला. क्षमेचा शब्द काढला नाही, शिव्याही दिल्या नाहीत.

जिन्यावर भावोजींनी तिच्या कोपराला हात दिला. खालच्या पायरीवर ती बसलीच. पेपर छातीशी धरून हुंदके देऊ लागली, आणि त्यातच मध्ये हसल्यासारखं झालं.

"लहानपणापासून तिच्यावर माझी एकच तक्रार, भावोजी," ती म्हणाली. "माझं म्हणून काही ऐकायची नाही."

"हो का," भावोजी म्हणाले.

"नाहीच ऐकलं तिनं," ती म्हणाली. "एक दिवस नाही ऐकलं."