चाचपून टाकलेलं पाऊल

आधी एक कोडं सांगते. जिचे पाय सगळ्यात दणकट, तीच पोरगी बर्फावर सगळ्यात मागे. असं कसं? उत्तर द्यायची घाई करू नका. आमच्या प्रशिक्षक कोमलताई उईके यांनी घाईत दिलं होतं, "पोरगी आळशी आहे!" साफ चुकलं. मी तर उत्तर शोधायचंच सोडून दिलं होतं, कारण ती मागे राहणारी पोरगी मीच. ऋजुता निखाडे, वय बारा, स्वभाव रडका.

आमचं बर्फावरच्या हॉकीचं मैदान जमिनीखाली आहे. वर उन्हाळ्यात पारा पन्नाशीला टेकतो, तिथे बर्फ कोण टिकवणार? पण आमच्या गावची कोळशाची खाण बंद पडली आहे आणि तिच्या पोटात हवा वर्षभर एकसारखी असते. म्हणून तिथल्या सगळ्यात रुंद पोकळीत बर्फ गोठवला आणि वरच्या सौरपट्ट्यांची वीज खाली आणली. दिवे मिणमिणते, भिंती काळ्याकुट्ट. पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला तिथे घाबरल्यासारखं होतं.

मला होत नाही. माझे बाबा याच खाणीत काम करायचे आणि इथेच गेले. छत कोसळलं तेव्हा मी पाच वर्षांची होते. आता त्यांचा चेहरासुद्धा मला फोटो बघूनच आठवतो. पण खाली उतरलं की ओल्या कोळशाचा वास येतो. बाबा ड्युटीवरून घरी आले की त्यांच्या अंगाला हाच वास असायचा. खरं सांगते, हॉकी-बिकी सगळं नंतरचं. मी त्या वासासाठी खाली जायची.

आणि तेच बंद होणार होतं. वीज पुरेना, म्हणून पुढच्या महिन्यापासून फक्त संघातल्या मुलींनाच खाली सोडणार होते. निवड रविवारी होती. मैदानाला एक फेरी मारायची, काठीने रबरी चकती पुढे नेत. ज्या वेगवान, त्या आत. मी सगळ्यात मागे, म्हणजे मी बाहेर. दोन दिवस मी धड जेवलेसुद्धा नाही.

शेवटी आईने तिच्या वडिलांना, आबाजींना, नागपूरहून बोलावून घेतलं. आबाजी शास्त्रज्ञ आहेत. माणूस चालायला, पोहायला, सायकल चालवायला कसा शिकतो, याचा त्यांनी जन्मभर अभ्यास केला. आल्या आल्या त्यांनी माझं तोंड बघितलं.

"काहून वं, एरंडेल प्यायलीस का?"

"तुम्ही परत जा," मी म्हटलं. असं बोलायला नको होतं, पण मला खूप राग येत होता.

"जातो ना. आधी तुझा बर्फ तर दाखव."

खाली आल्यावर त्यांनी माझ्या, तळाला पोलादी पातं असलेल्या बुटांत दोन पातळ पट्ट्या सरकवल्या. त्यांत संवेदक (भार, उष्णता असं काही जाणवून ते कळवणारं यंत्र) आणि बारीक दिवे होते. ज्या पायावर जितका भार, तितका मोठा निळा उजेड त्या पायाभोवती बर्फावर पडायचा.

"आता सांग, बर्फ निसरडा काहून?"

"थंड असतो म्हणून."

"फ्रिजमधला दगडही थंड असतो. तो निसरडा होतो का? बर्फाच्या आतले रेणू (पदार्थाचे डोळ्यांना न दिसणारे अगदी बारीक कण) चारी बाजूंनी एकमेकांना घट्ट धरून असतात. पण सगळ्यात वरच्या थराला धरायला वरून कोणीच नाही. म्हणून ते रेणू सैल, सतत हलणारे. त्यांच्यावरून पातं सरकतं. आता पाय सरळ मागे रेटून पुढे जा बघू, आपण रस्त्यावर जातो तसं."

मी रेटलं. पाय सुळकन मागे गेला आणि मी जागच्या जागी.

"रस्ता पायाला अडवतो, म्हणून आपण पुढे जातो. बर्फ सरळ रेषेत अडवतच नाही. पण पातं आडवं केलं तर?"

पातं आडवं करून बाजूला रेटलं, तर त्याची धार बर्फात रुतली आणि मी पुढे सरकले. एवढं मला आधीपासून येत होतं, त्यात काय मोठंसं! पण आबाजींनी पुढचं विचारलं. एक पाय बाजूला रेटत असताना अंगाचा सगळा भार कुठे असायला हवा?

"दुसऱ्या पायावर. घसरणाऱ्या."

"बरोब्बर. आणि गुडघा जितका वाकलेला, तितका रेटा लांबपर्यंत चालतो. रेटा लांब, तर वेग जास्त. चल, मार एक फेरी."

मी फेरी मारली. आबाजी डोकं खाजवायला लागले. तिथे सराव करणाऱ्या बाकी मुलींच्या बुटांतही त्यांनी तशाच पट्ट्या घालून बघितल्या होत्या; त्यांचा उजेड एकदा डावीकडे मोठा, एकदा उजवीकडे मोठा व्हायचा. माझे दोन्ही उजेड जवळजवळ सारखेच. मी पुढचा पाय टेकवायची, मग थांबायची, मग भीतभीत थोडासा भार द्यायची. गुडघे काठीसारखे ताठ.

"शक्ती आहे, तंत्र माहीत आहे, मग घोडं कुठे पेंड खातंय?" आबाजी स्वतःशीच पुटपुटले.

उत्तर त्यांना परत जाताना सापडलं. खाणीच्या उताराच्या वाटेवर पायऱ्या आहेत. मी पुढे होते. आबाजी एकदम मागून ओरडले, "थांब! तू चालून कशी राहिलीस?"

"कशी म्हणजे? सगळे चालतात तशी."

"सगळे नाई चालत तसे, बाप्पा!"

मग माझ्या लक्षात आलं. आमच्या कॉलनीत मूल चालायला लागलं की त्याला एक गोष्ट शिकवतात: आधी पाऊल चाचपायचं, मग भार टाकायचा. अंधारात पायाखाली खड्डा आहे की सैल दगड, कोणाला माहीत? खाणीतल्या माणसांची ही रीतच आहे. खाण बंद पडली, पण आम्ही सगळी पोरं अजून तसंच चालतो. मला ते बाबांनी शिकवलं होतं, माझा हात धरून, अंगणात.

"हेच ते," आबाजी म्हणाले. "बर्फावरही तू पाऊल चाचपतेस. त्या चाचपण्यात रेटा संपतो. हे सोडायला पाहिजे, पोरी."

माझ्या अंगाची आग आग झाली. मी हातातली हॉकीची काठी भिरकावली. "बाबांनी शिकवलेली एकच गोष्ट आहे माझ्याकडे! तीही सोडू? नाही सोडणार!"

काठी पायऱ्यांवरून खडखडत खाली गेली. आबाजी स्वतःच उतरले, काठी घेऊन आले आणि धापा टाकत माझ्याशेजारी पायरीवर बसले. मी पोटभर रडले. तेही रुमालाने डोळे टिपत होते, ते मी बघितलं.

मग काठी माझ्या हातात देत ते म्हणाले, "जावयाचा नियम चुकीचा नाई. लाख मोलाचा आहे. पण तो दगडासाठी आहे. तुझ्या डोक्याच्या मागच्या बाजूला अनुमस्तिष्क (तोल आणि हालचाल सांभाळणारा मेंदूचा भाग) असतं. ते प्रत्येक पावलाआधी अंदाज बांधतं, की आता काय होईल. अंदाज चुकला की ते सुधारतं. पण चुकलंच नाही, तर सुधारणार काय? तू बर्फावर कधी पडलीस?"

मी आठवून बघितलं. कधीच नाही. मला त्याचा अभिमानही होता.

"म्हणूनच. पडल्यावर काय होतं, हे तुझ्या मेंदूला ठाऊक नाई. म्हणून तो घाबरतो, गुडघे ताठ करतो. ताठ गुडघ्याने रेटा तोकडा. रेटा तोकडा म्हणून वेग कमी. आणि हळू चालवलेली सायकल कशी लडखडते? तसंच हळू जाणारीचा तोल जास्त डगमगतो. मग मेंदू आणखी घाबरतो. फिरून फिरून भोपळे चौकात!"

"मग हिंमत कुठून आणायची?"

"हिंमत बाजारात नाई मिळत. मेंदूचा अंदाज वारंवार बरोबर यायला लागला, की त्यालाच लोक हिंमत म्हणतात."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला फक्त पडायला लावलं. गुडघ्याला, कोपराला, खांद्याला गाद्या बांधून. आधी उभ्या उभ्या, मग हळू घसरताना, मग वेगात. हात पुढे टेकायचे नाहीत, गुडघे मुडपून कुशीवर पडायचं आणि घसरू द्यायचं. मुली खिदळत होत्या. माझ्या मांडीवर वांग्याएवढं काळंनिळं झालं. पण शनिवारी संध्याकाळी बर्फावर बघितलं, तर माझा एक उजेड छोटा आणि एक भलामोठा झाला होता.

रविवारी आई खाली आली. बाबा गेल्यापासून ती त्या पायऱ्या कधीच उतरली नव्हती. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिचे ओठ पांढरे पडले होते. मला तिच्याकडे बघवेना.

शिट्टी वाजली. मी गुडघे वाकवले आणि न चाचपता अख्खी त्या पायावर गेले. मग दुसऱ्या. वारा कानात घोंघावत होता. वळणावर पातं निसटलं आणि मी धाडकन पडले. आईची किंकाळी ऐकू आली. मी कुशीवर घसरत गेले, उठले, चकती गाठली आणि पुन्हा रेटलं. मी तिसरी आले.

कोमलताई म्हणाल्या, "सगळ्यांत पडलेली एकटी तू. बाकीच्या पडण्याइतक्या जोरात गेल्याच नाहीत. ये उद्यापासून." आणि मान खाली घालून पुढे म्हणाल्या, "आळशी म्हटलं होतं मी तुला. चुकलंच माझं."

मला आनंद झाला, पण मी नाचले-बिचले नाही. मैदानाच्या पार टोकाला गेले, जिथे दिवा पोचत नाही आणि पुढची गल्ली दगडमातीने बुजलेली आहे. तिथे तो वास सगळ्यात जास्त येतो.

"बाबा," मी म्हटलं, "वर मी तुम्ही शिकवलं तसंच चालणार आहे. इथे नाही."

मागे काही तरी खरखरलं. आई होती. चपला काठावर काढून, कोमलताईंचा हात घट्ट धरून, ती मोजे घातलेल्या पायांनी बर्फावरून माझ्याकडे येत होती. रडत होती, पण येत होती.

मी दोन्ही हात पुढे केले. "गुडघे वाकव, आई," मी म्हटलं, "आणि पडलीस तर पड. मी आहे."