मशीनमागून आलेलं ‘दे’

पटत नसेल तर इथेच थांबा. मला कुणाला घाबरवायचं नाही. हे माझ्यासमोर घडलंय... तेही भर दुपारी, रविवारी, सव्वादोनच्या सुमारास.

मी एका कारखान्यात मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन आहे. दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे नवरे, तिथेच फिटर. मला तिथे चिकटवलं त्यांनीच.

आमच्याकडे एक जुनी सीएनसी मिलिंग मशीन होती, कॉम्प्युटरवर चालून लोखंड कापणारी, लिलावात घेतलेली. आठवडाभर तिने आमचा जीव खाल्ला होता. चालता चालता मधेच बंद पडायची. तपासायला गेलं की सगळं ठणठणीत!

माझा संशय मागच्या बाजूला, लोखंड बांधायच्या सरकत्या टेबलाच्या फटीतल्या एका वायरवर होता. टेबल किती सरकलंय हे कंट्रोलला त्या वायरीतून कळतं. ती तुटली तर टेबल कुणाचंच ऐकत नाही, थेट एका टोकाला धावतं.

मी पुढे पॅनेलपाशी, दाजी मागे वायरीपाशी. मधे ही धिप्पाड मशीन. एकमेकांचं तोंड दिसायचं नाही, त्यामुळे सगळा कारभार आवाजावर.

मी मेन स्विच पाडला की ओरडायचो, “बंद! घाला हात!”

दाजी वायर तपासायचे, हात बाहेर काढायचे. मग मी विचारायचो, “देऊ?”

ते “दे!” म्हणाले की मगच मी सप्लाय द्यायचो. सात वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती.

त्या दिवशी शेडमध्ये आम्ही दोघंच होतो. बाकी सगळं बंद. माझ्या मीटरची बीपसुद्धा मोठी वाटत होती.

मी स्विच पाडून पॅनेलमधलं त्या वायरीचं पुढचं टोक मीटरने तपासत होतो. ‘देऊ’ विचारायला अजून तोंडही उघडलं नव्हतं, आणि मागून आलं...

“दे!”

“दाजी, अजून विचारलं कुठे मी?”

“मी कुठे काय बोललो? कान साफ कर, सालेसाहेब!”

मी हसलो. दाजींना थट्टेची खोड होतीच.

दाजी काम करताना सतत काहीतरी गुणगुणतात. पाचेक मिनिटं ते चालू होतं.

मग ते मधेच थांबलं...

मला वाटलं, काम झालं असेल.

“दाजी, देऊ?”

मीटर बाजूला ठेवून मी पुन्हा विचारलं.

“देऊ का?”

“दे!”

आवाज दाजींचाच होता. तोच खरखरीत, शेवट ओढणारा. मला काहीही वावगं वाटलं नाही. हे मी आजही शपथेवर सांगतो.

मी सप्लाय दिला. टेबल हलवणाऱ्या ड्राइव्हचं बटण दाबलं.

टेबल खाडकन सुटलं...

आणि दाजींची किंकाळी आली.

हात आतच होता. उजवा. मनगटापासून गेला.

तिसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलात गेलो. ताई उशाशी बसली होती. मी पलंगाच्या पायाशी उभा राहिलो, खुर्चीवर बसायची हिंमत झाली नाही. दोन रात्री मनात घोळवलेलं वाक्य कसंबसं बाहेर पडलं.

“दाजी, तुम्ही ‘दे’ म्हणालात म्हणून मी...”

दाजींनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर बरं वाटलं असतं.

“मी हात काढून निवांत बसलो होतो रे,” ते म्हणाले. “‘दे’ मी म्हणालोच नाही. ‘देऊ का’ असंही तू विचारलं नाहीस. तू ओरडलास...”

“काय?”

“‘बंद! घाला हात!’ म्हणून मी परत घातला.”



ताई उठली. माझ्या अगदी समोर आली.

“तू ओरडलास?”

“नाही गं ताई.”

“मग हे खोटं बोलतायत?”

पलंगावर दाजी डोळे मिटून पडले होते. पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेला तो हात उशीवर ठेवला होता. त्यांना आणखी खोटं कसं पाडू?

“ओरडलो असेन,” मी म्हणालो.

या गोष्टीला चौदा महिने झाले. ताईने त्यानंतर माझं तोंड पाहिलेलं नाही.

मी ओरडलो नव्हतो. अगदी नक्की नव्हतो... पण दाजी म्हणतात, आवाज माझाच होता. आणि दाजी माझ्याशी आजवर कधी खोटं बोललेले नाहीत.