ओल्या कागदाखालचे ओठ

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण हे घडलंय, आणि ऐन दुपारी घडलंय.

भुतं रात्रीच येतात म्हणणाऱ्यांनी स्पेनमधल्या आमच्या एसिहाची ऑगस्टमधली दुपार बघावी. जेवणं आटोपून सगळं गाव वामकुक्षी घेतं. रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही.

माझी मामी ओबदुलिया घरीच जुनी तैलचित्रं दुरुस्त करायची. त्या वर्षी नगरपालिकेचं एक मोठं चित्र आलं होतं, एकोणिसाव्या शतकातल्या इथल्याच चित्रकाराचं. लग्नाच्या दिवशी साप चावलेली ग्रीक पुराणातली युरिडिसी गवतात पडलीय. ओठ घट्ट मिटलेले. कापड पार सडलेलं. पाठीमागून नवं कापड चिकटवायचं, तर आधी पुढून कागद डकवून रंग धरून ठेवावा लागतो.

मामीने त्यासाठी पिठाची खळ शिजवली, तर मामा कुरकुरला, "घरच्यांना खीर नाही आणि या मेलीला पीठ."

"मेली नाही अजून, मरतेय," मामी म्हणाली आणि चपापली.

कारण तिचे गुरू डॉन इलारिओ हेच बजावायचे. चित्रातल्या मेलेल्याचं तोंड खुशाल झाक. मरणाऱ्याचं मात्र सर्वांत शेवटी, आणि तेही त्याची माफी मागून.

म्हाताऱ्याचे चोचले, मामीला वाटलं. जत्रा तोंडावर आली होती, त्याआधी चित्र परत द्यायचं होतं. तिने पहिला कागद थेट चेहऱ्यावरच लावला.

मामा झोपला. पलीकडच्या खोलीत त्यांची आठ वर्षांची कासिल्दा घोरत होती. नाक चोंदलं होतं पोरीचं.

मामीने ब्रशने कागद ओठांवर बसवला...

घोरणं थांबलं.

कूस बदलली असेल. मामीने कान दिला. काहीच नाही. तिने खाली पाहिलं आणि...

ओठांवरचा कागद आत ओढला गेला होता.

मग फुगला.

पुन्हा आत गेला.

दारात कासिल्दा उभी होती. निळी पडलेली.

"आई... तोंडावर ओलं काय ठेवलंस?"

एवढं कसंबसं बोलून पोर कोसळली.

ओला कागद ओढला की रंगही निघतो. चित्र बिघडलं की पुन्हा कुणी काम देत नाही. मामीला का ठाऊक नव्हतं? तिने कागद टराटरा ओढून काढला.

पोरीने श्वास घेतला. बुडता बुडता वर आल्यासारखा.

चित्रात तोंडाच्या जागी नुसतं कापड उरलं. कागदावर मात्र ओठ उमटले होते...

उघडे.

मामीचं काम कायमचं सुटलं. तिला त्याचं दुःख नव्हतं. चित्रातल्या बाईचं तोंड तसंच राहू द्या, एवढंच ती जन्मभर ज्याला त्याला विनवत राहिली. चित्र नगरपालिकेच्या माळ्यावर पडून राहिलं.

गेल्या वर्षी तिथे नवी माणसं आली. मामीला न सांगता चित्र दुरुस्तीसाठी माद्रिदला गेलं. आम्हाला ते ऑगस्टमध्ये कळलं, जेवायच्या टेबलावर. शेजाऱ्याने सहज सांगितलं आणि तो निघून गेला.

कासिल्दा आता साठीची. तिने चमचा खाली ठेवला.

"आई, तोंडावर ओलं लागतंय."

नव्वदीच्या मामीने माद्रिदचा नंबर शोधून फोन लावला. पलीकडे कुणी तरुण मुलगी होती, आवाजाने गोड.

"जरा थांबा हं आजी, हात खळीचे आहेत. तोंडावरचा कागद तेवढा बसवते आणि बोलते."

मामी ओरडत राहिली. मुलीने फोन बाजूला ठेवला होता.

मी त्या टेबलाशी होतो, कासिल्दाच्या शेजारीच. अजूनही कुठे खळीचा वास आला, की मी आधी शेजारच्याचा श्वास ऐकतो.