करड्या मफलरची नोंद

"माझा मफलर हरवलाय," खिडकीपलीकडचा माणूस म्हणाला.

नोंदवालीनं मान वर केली नाही. "सगळ्यांचंच काहीतरी हरवलेलं असतं. शोधते."

बसडेपोच्या मागं हरवल्या-सापडल्या वस्तूंची खोली होती. तिथं ती एकटी. घरीही एकटीच. शुक्रवारी कंडक्टर छत्र्यांचं बोचकं टाकून गेला, की थेट सोमवारी तिला कळायचं, अरे, आपल्याला आवाज आहे! एकटेपणाचे गोडवे गाणाऱ्यांना दोन दिवस इथं डांबायला हवं.

तिनं यादी उघडली आणि कपाळाला हात लावला. à¤®à¤«à¤²à¤°... खालीही तेच.

"जुन्या कॉम्प्युटरमधून नव्यात नेलं, तेव्हापासून हे असं. जुना भंगारात गेला. आणि साहेब म्हणतात, वाचता येत नाही ते बेवारस. शनिवारी सगळ्याचा लिलाव!"

तो आत वाकला. "अहो, हाच माझा मफलर!"

"या किड्यामुंग्यांत?"

"अक्षरं जिवंत आहेत. ठेवलीत एका पद्धतीनं, वाचली जातायत दुसऱ्याच. डेटाबेस हाच माझा धंदा... बसू का?"

बसला. नव्या डेटाबेसला लिपीची खरी पद्धत सांगितली, जुन्यातून आणलेली फाईल पुन्हा भरली, आणि पडद्यावर मराठी उमटलं. तिचं. आजवर कुणी धड न वाचलेलं.

"'करडा मफलर. विणणारीला घाई नव्हती,'" त्यानं मोठ्यानं वाचलं. मग आवाज उतरला. "आईनं विणला होता. तिचा शेवटचा... तुम्हाला कसं कळलं?"

तिनं फळीवरचा मफलर काढून त्याच्यापुढं धरला. "टाके बघा ना. एकही ओढलेला नाही."

त्यानं टाके पाहिले नाहीत. तिला पाहिलं.

मफलर मिळाला होता, त्यानं जायला हवं होतं. पण त्यानं दुसरी फाईल उघडली. नुसती प्रश्नचिन्हं.

"हे कुणी केलं?"

"मीच... दुरुस्त करायला गेले. अक्षरांचा प्रकार बदलून सेव्ह केलं."

"अहो बाई! कचरा दिसत होता तोवर आत अक्षरं होती. आता राख उरलीय. हे मीच काय, कुणीच परत आणू शकत नाही."

तिनं उठून फळीवरची पहिली पिशवी त्याच्यापुढं आपटली. "मग लिहा. मी पुन्हा सांगते."

रोज काम संपवून तो येऊ लागला. ती वस्तू हातात घेऊन बोलायची, तो टाइप करायचा, लगेच फाईल बाहेर काढून अक्षरं शाबूत आहेत ना, ते तपासायचा.

"हातमोजा, डावा. उजवा अजून कुणाच्या तरी हातात असेल."

"हे नोंदीत घालू?"

"घाला. साहेबांना झोंबू दे."

"तुम्ही सगळ्यांशीच अशा बोलता?"

"सगळे कुठं आहेत इथं?"

तो हसला. ती हसली नाही... पण पुढची पिशवी जरा हळू ठेवली.

शनिवारी साहेबांनी चष्मा पुसूनपुसून यादी वाचली. प्रत्येक ओळ लागली. लिलाव रद्द! जाताना म्हणाले, "मी म्हणतच होतो, होईल." असल्यांना कोण बोलणार?

त्यानं मफलर गुंडाळला. "झालं की सगळं."

"हो."

"मग... निघतो."

तो दारापर्यंत गेला. आता सोमवारपर्यंत पुन्हा ती मुकी शांतता. कुणाकडं काही मागायचं नाही, हा तिचा जुना ताठा. तो तिनं तिथंच गिळला.

"उद्या या."

"उद्या काय काम आहे?"

"काहीच नाही. ऑफिस बंद असतं." तिचे कान तापले. "घरी या. मी एकटी असते... आणि मला ते आता आवडत नाही."

तो दारातून परत फिरला. "पत्ता सांगा," म्हणाला, आणि खुर्ची ओढून बसला.