एकतीस मेचा अख्खा दिवस

ठाकुर्लीच्या अभ्यासिकेचं काचेचं दार पास दाखवला की आपोआप उघडतं. तो प्रोग्रॅम ऋतुराजने फुकट लिहून दिला, तेव्हा सगळे म्हणाले, पोरगा सज्जन आहे. सज्जन होताच, पण व्यवहार बघा. पैशांऐवजी त्याने खिडकीजवळची एक खुर्ची मागून घेतली. उन्हाची, एसीपासून लांब, कुणी ढुंकूनही न बघणारी. समोर शिवानी बसायची, एवढाच त्या खुर्चीचा गुण.

अभ्यासिकेत बोलायला बंदी. त्यामुळे हिवाळ्यापासून सगळा कारभार नजरेवर चालला होता. ती पान उलटताना वर बघायची, की हा लॅपटॉपमध्ये घुसायचा. हा बघायचा, तेव्हा ती पेनाचं टोपण चावत भिंतीवरचा नकाशा वाचायची... तोच तो जिल्हा, बराच वेळ.

मग शिवानीची निवड झाली. एक जूनला जव्हारला तलाठी म्हणून रुजू व्हायचं. पास एकतीस मेपर्यंत. इथली रीत अशी, की जाणारा शेवटच्या दिवशी पेढे वाटतो आणि आपली जागा मर्जीने कुणाला तरी देऊन जातो. शिवानीची जागा एसीच्या बरोब्बर खाली. म्हणून शेजारची ऐश्वर्या एप्रिलपासून तिला डब्यातली थालीपिठं चारत होती. ऋतुराजचा हिशेब त्याहून साधा — पेढे वाटताना बोलायची मुभा असते, तेव्हाच मनातलं सांगून टाकायचं. एकच दिवस हाताशी, पण अख्खा.

एकतीसला सकाळी दाराने शिवानीला लाल दिवा दाखवला.

अभ्यासिका सांभाळणारे गोविंदाकाका ऋतुराजच्या खुर्चीपाशी येऊन कुजबुजले, "आरं, तुजा दरवाजा त्या पोरीला आत घेत नाय."

तो धावत बाहेर आला. पायरीवर शिवानी उभी. एका हातात पास, दुसऱ्या हातात पेढ्यांचा खोका.

"तुमचा पास... संपलाय वाटतं," तो म्हणाला. इतक्या महिन्यांनी तिच्याशी बोललेलं पहिलं वाक्य हे!

"एकतीसपर्यंत आहे. आज एकतीस. तुझ्याकडे कॅलेंडर वेगळं आहे का रे?"

"थांब पोरी, मी चावीनं उगडतो," काका म्हणाले.

"नको काका. दिवस माझा आहे, तर दारानेच घ्यायचं मला." काका आत गेले, ती पायरीवर बसली. "कर दुरुस्त. मी बघते."

ऋतुराज लॅपटॉप घेऊन शेजारी बसला. पेढ्यांच्या खोक्याएवढंच अंतर राखून.

"दार आत्ताची वेळ घेतं," तो म्हणाला, "आणि पासच्या शेवटच्या तारखेशी ताडून बघतं. आत्ताची वेळ पुढे गेली असेल, तर पास संपला."

"आणि शेवटच्या तारखेचे किती वाजलेले धरतं?"

त्याची बोटं थांबली. "वेळ दिली नसेल तर... रात्रीचे बारा. दिवस सुरू होतानाचे."

"म्हणजे माझा एकतीस सुरू झाला आणि तिथेच संपला!" ती हसली. "बाकीच्यांचे पास बरे चालले?"

"ते सगळे आधीच पुढचा पास काढतात, जागा जाऊ नये म्हणून. दार बसवल्यापासून निवड होऊन जाणारी तूच पहिली." 'तुम्ही' कधी गळालं, त्याचं त्यालाही कळलं नाही. "रात्री अकरा एकोणसाठपर्यंत करतो."

"आणि त्याच्यापुढचं मिनिट कुणाला दान?"

त्याने तिच्याकडे बघितलं. मग खोडलं आणि नवी अट लिहिली — शेवटच्या तारखेत एक दिवस मिळवायचा. आत्ताची वेळ त्याच्या आधीची असली, की दार उघडायचं. एक जून लागायच्या आत जे काही, ते सगळं शिवानीचं.

पास लावला. हिरवा दिवा. दार उघडलं.

ती मात्र उठली नाही. "बोल आता. आत ऐश्वर्या कान देऊन बसलीये."

"काय बोलू?"

"जे आज बोलायचं ठरवलं होतंस ते. मघापासून शर्टाची इस्त्री सांभाळत बसलायस."

ऋतुराजने लॅपटॉप मिटला. "मला तू आवडतेस. आजचा दिवस त्यासाठीच राखून ठेवलेला... आणि माझ्याच दाराने तुला अडवलं."

"आवडते हे कळायला तलाठी व्हावं लागत नाही, ऋतुराज. त्या उन्हाच्या खुर्चीत दुसरं कोण बसेल?"

"मग तू का नाही बोललीस?"

"आत बंदी होती. बाहेर तू कधी थांबलास?" तिने खोका उघडून पहिला पेढा त्याच्या हातावर ठेवला, आणि हात जरा जास्तच वेळ तिथे राहिला. "मला पण आवडतोस. लिही कुठेतरी, तारखेसकट."

मग ती आत वळून, बंदी-बिंदी विसरून म्हणाली, "काका, माझा जूनचा पास करा."

"आगं, तू जव्हारला चाललीस ना?"

"शनिवार-रविवार येणार. जागा कुणाला देत नाही."

तर शेवटची बेरीज अशी. पेढे शिवानीचे, त्यावरचा चहा ऋतुराजचा, आणि दोघंही फायद्यात. ऐश्वर्याने खोक्यातले दोन पेढे उचलले आणि एसीकडे एकदा बघून घेतलं. एप्रिलपासूनच्या थालीपिठांची वसुली तेवढीच झाली.