मैनामायचं पाणी

सन १९६४. वैशाख लागला होता. बालाघाटात उन्हाची अशी लू चालली होती की दुपारी कावळासुद्धा ओरडत नव्हता. त्या दिवसांत मी मिशनच्या बंगल्यावर पेट्या ठोकायला जात होतो.

मी सुतार. मिशनचं काम केलं, मिशनचा झालो नाही. शाळा थोडी शिकलो. पाहिलं तेवढंच सांगतो.

ओल्सन साहेब पाद्री होते. अर्धं आयुष्य इथे काढून आता ते, मेमसाहेब आणि त्यांची पोर इल्सा कायमचे आपल्या देशाला निघाले होते. मुंबईला जहाज ठरलं होतं. परवा सकाळच्या छोट्या गाडीनं गोंदिया, तिथून पुढे. त्यांच्या चिनी मातीच्या बशा, घड्याळ, पेटीबाजा, सगळं धानाच्या तणसात बसवून मला वरून फळ्या ठोकायच्या होत्या.

इल्सा इथेच जन्मली. बाळंतपणात मेमसाहेबाला ताप भरला, दूध आलं नाही. त्याच आठवड्यात आमचं तान्हं गेलं होतं. माझी बायको मैनाबाई कोणी न बोलावता बंगल्यावर गेली आणि त्या गोऱ्या पोरीला तिनं पदराखाली घेतलं. मागच्या वऱ्हांड्याच्या पायरीवर बसून पाजायची. पोर पायावर चालायला लागली तरी पाजत होती. पुढे साहेब म्हणाला, डोमाजी, तुला घर बांधून देतो. मी नाही म्हटलं. आम्ही दूध विकायला बसलो नव्हतो.

आमच्या घरची एक रीत आहे. ज्यानं दूध प्यायलं, पाजणारीला त्याच्या हातचं शेवटचं पाणी. मग दूध फिटतं.

मैनाबाई फाल्गुनात गेली. इल्सा तेव्हा पहाडावरच्या शाळेत होती. मी बंगल्यावर जाऊन सांगितलं, पोरीला बोलवा. मेमसाहेब म्हणाली, फार दूर आहे, परीक्षा आहे. मैनाबाई थांबून राहिली. मी तुळशीचं पान घालून पाणी दिलं तर दात आवळले. पाणी गालावरून उशीवर गेलं. "इल्सा आली काय?" एवढंच विचारायची. जीव गेला तेव्हा मात्र तोंड उघडं पडलं. मी हनुवटीला फडकं बांधलं. वैनगंगेवर लाकडावर ठेवलं तेव्हा गाठ सुटली होती. तशीच जाळली.

इल्सा आली तेव्हा तिला सांगितलं की मैनामाय माहेरी कटंगीला गेली आहे. मेमसाहेबानं माझ्यापुढे हात जोडले. "जहाज पर बता दूँगी, डोमाजी." मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

तर मी तिसऱ्या पेटीची फळी बसवत होतो. पोर जवळ येऊन उभी राहिली. चौदाची असेल. केस तणसासारखे, बोली आमची.

"डोमाबाबा, मैनामाय कटंगीहून आली न?"

हातोडी अंगठ्यावर बसली.

"कोनं सांगतलं?"

"सांगाले काय लागते? मांगच्या पायरीवर बसली हाय. सकाळपासून. मी बोलतो त बोलत नाही. नुसतं तोंड उघडून बसून राह्यली. माह्यावर रागावली काय?"

मी उठून मागे गेलो. पायरी रिकामी होती. ऊन पडलं होतं. पण तिथे गुडाखूचा वास होता. मैनाबाई दातांना गुडाखू, तंबाखू-गुळाचा काळा लगदा, लावायची. बंगल्यात कोणी लावत नव्हतं.

स्वयंपाकीण शेवंताबाई तिथेच मडक्यात हात घालून उभी होती.

"डोमाभाऊ, पानी कोन पेलं?"

"मडकं फुटलं असन."

"मडकं नाही फुटलं, तुमचं डोस्कं फुटलं. कालचंच घेतलं हाय. आत्ता भरलं म्या. पाहा."

पाहिलं. आत कोरडं. मडक्याखालची रेतीही कोरडी. बोटानं आतून घासलं तर धूळ निघाली, भट्टीतून आत्ताच काढल्यासारखी. तिनं पुन्हा भरलं. आम्ही दोघं उभे राहून पाहत होतो. पाणी उतरत गेलं. आवाज नाही, ओल नाही. तळ दिसला तेव्हा शेवंताबाईनं छातीवर क्रूस केला आणि लगेच रामाचंही नाव घेतलं.

संध्याकाळपर्यंत बंगल्यातली सुरई, बादल्या, फुलदाणीसुद्धा सुकली. पण खरं ते नव्हतं. खरं मी जेवणघराच्या दारातून पाहिलं. मेमसाहेबानं विहिरीचं ताजं पाणी पेल्यात दिलं. पोरीनं पेला ओठाला लावला. पेला रिकामा. ती पेल्यात पाहत राहिली.

"मम्मी... यात नव्हतंच काही."

पुन्हा दिलं. पुन्हा तेच.

दुसऱ्या दिवशी पोरीचे ओठ फाटले. जीभ सुजली. डॉक्टर आला, लू लागली म्हणाला. हातात सुई घालून बाटली टांगली. बाटली पाहता पाहता रिकामी झाली. डॉक्टरनं नळी तपासली, सुई तपासली, पलंगाखाली वाकून पाहिलं. कुठे थेंब नव्हता. तो दुसरी बाटली काढायला गेला आणि मधेच थांबला. साहेब गुडघ्यावर बसून प्रार्थना करत होता. मी खाली शेवटची पेटी ठोकत होतो. काम घेतलं ते टाकत नाही.

शेवंताबाई आली. "भाऊ, पोर तुमाले बोलावते."

मी वर गेलो. डोळे खोल गेले होते. आवाज भुशासारखा.

"डोमाबाबा... ते आता इथं आली. खाटीपाशी. माह्या तोंडाजवळ तोंड आणते... मले काहून बोलत नाही?"

मी कोणाकडे पाहिलं नाही. साहेबाला म्हटलं, "साहेब, हिच्या हातचं पानी मांगते ते. शेवटचं पानी राह्यलं. देऊ द्या."

"डोमाजी, ये अंधविश्वास है."

"असू द्या. मडक्यात हात घालून पाहा अन् मंग सांगा."

मेमसाहेब उठली. तिचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. तिनं पोरीचा हात धरला आणि हिंदीत सांगितलं, मला कळावं म्हणून असेल. मैनामाय कटंगी नहीं गई. मैनामाय मर गई. होली के बाद. तुझे बुला रही थी. मैंने नहीं बुलाया.

पोर रडली, पण डोळ्यात पाणी आलं नाही.

"मले काहून नाही सांगतलं?" ती मला म्हणाली. आईला नाही, मला.

"चाल," मी म्हटलं. "पानी देऊ."

भांड्यात पाणी टिकत नव्हतं. म्हणून मी तिला उचललं. तणसाच्या पेंढीएवढी हलकी झाली होती. मागच्या आवारात विहीर आहे. साहेबानं स्वतः दोर ओढला. बादली वर आली तेव्हा तळाशी थोडं उरलं होतं. पोरीनं ओंजळ बुडवली.

विहिरीपासून पायरी लांब नाही. पण मी तिला घेऊन चाललो तेव्हा ऊन डोळ्यांवर होतं. ओंजळीतून एक थेंब सांडला नाही. बोटांच्या फटीतूनही नाही. आणि जसजशी पायरी जवळ आली तसतशी पोर माझ्या हातात जड होत गेली. पायरीशी पोचलो तेव्हा माझे गुडघे वाकले. एका माणसाचं ते वजन नव्हतं.

मी तिला पायरीपाशी उतरवलं. गुडाखूचा वास आला. शेवंताबाईनं तोंडात पदर कोंबला.

इल्सा वाकली. "घे माय," म्हणाली. "मले नाही सांगतलं कोनं. घे."

तिनं ओंजळ कलती केली. धार निघाली. मी पाहत होतो, साहेब विहिरीवरून पाहत होता, डॉक्टर दारात उभा होता. धार वीतभर खाली आली आणि तिथेच संपली. पायरीवर काही पडलं नाही. दगड कोरडा.

मैनाबाई पाणी पिताना घशात वाजायचं. कट् असं. लग्नापासून मी तिला त्यावरून चिडवत आलो, तुह्या घशात अडकित्ता हाय म्हणून.

कट् वाजलं.

साहेबाच्या हातातला दोर गळून पडला. बादली विहिरीत आदळली.

मग वास गेला. शेवंताबाई आत धावली आणि मडकं भरून घेऊन आली. पाणी हललं, पण उतरलं नाही. पोर मडक्यालाच तोंड लावून प्यायली. गळ्यावरून, झग्यावरून ओघळ आले. मेमसाहेब पायरीवर डोकं टेकून बसली होती. तिला कोणी उठवलं नाही.

दुसऱ्या सकाळी मी पेट्या स्टेशनवर गाडीत चढवल्या. इल्सा खिडकीशी होती. उजवी मूठ मिटलेली. गाडीनं शिटी दिली तेव्हा तिनं मूठ माझ्यापुढे उघडली.

तळव्यावर गुडाखूचा काळा डाग होता. खालच्या ओठाएवढा.

"धुतला, डोमाबाबा. साबनानं धुतला. जात नाही."

"राहू दे," मी म्हटलं. "दूध फिटलं."