वामनरावचा ओळंबा

अबे गोलू, त्या टाकीखाली गादी टाकू नको म्हटलं ना! इकडं घे. काहून?... बरं, विचारलंच तर आयका. वैभव, तो मोबाईल ठेव बाजूले, नाही तर मी चाललो झोपाले.

माझा साडभाऊ मार्तंड भिवापूरकडल्या एका खेड्यात नळाले पाणी सोडे. गावाची उंच टाकी, अन् तिच्या पायथ्याशीच त्याचं घर. आता काळ्या मातीचा काय भरवसा! टाकीचा पाईप गळे, एका अंगाची माती फुगे, उन्हाळ्यात भेगाळे. त्या अंगानं पाया खचला अन् टाकी कलली. नुसत्या डोळ्याले दिसत नव्हतं.

पण मार्तंड ज्याच्या हाताखाली शिकला तो वामनराव, म्हातारा मोठा हुशार. त्यानं वरच्या कठड्यावरून पितळी ओळंबा सोडला होता. दर एक तारखेले त्याचं टोक खालच्या ओट्यावर जिथं येई, तिथं तो अंगठ्यानं गेरूचा ठिपका लावे. अंगठ्याचा शेंडा मोटारीच्या पट्ट्यात गेलेला, अर्धाच अंगठा. ठिपके सरकत होते. साहेबाले दाखवले, तवा हुकूम आला, टाकी अर्ध्याच्या वर भरायची नाही.

आखाडात वामनराव वारला. म्हाताऱ्याचा जीव त्या ओळंब्यात होता म्हणून मार्तंडानं अस्थींसंगं तोही आंभोऱ्याले नदीत सोडला. स्वतःच्या हातानं. मंग कोण मोजते गा?

दोन हजार पंचवीसचा मे. सतरा तारीख, शनिवार. दुसऱ्या दिवशी मार्तंडाच्या गार्गीचं लग्न. सावली राहते म्हणून मांडव टाकीच्या बाजूलेच टाकलेला. पन्नास-साठ पाहुणे मांडवात झोपले, नवरी घरात. पोरीच्या लग्नात पाणी कमी पडलं तर जन्मभर बोलणे खाणं आलं. एका रात्रीनं काय होते, म्हणे. लाईन आली अकरा वाजून दहा मिनिटांनी. त्यानं मोटार सुरू केली. टाकी अर्धी झाली, तरी बंद नाही केली.

पाऊण वाजता टॉर्च घेऊन तो टाकीखाली गेला.

वरून काहीतरी लोंबत होतं.

दोरी... अन् खाली ओळंबा. पितळी.

वारं सुटलं होतं. मांडवाचं कापड फडफडून राहिलं होतं. दोरी वाऱ्यानं हालत नव्हती.

त्यानं टॉर्च खाली धरला. टोक सरकून राहिलं होतं. हळूहळू. मांडवाकडं.

"वामनराव...?"



मंग वरून, लोखंडी पाईपावर... टण्. टण्. टण्.

वामनराव वर चढला की खाली मार्तंडाले असंच सांगे. तीन ठोके. मोटार बंद कर.

मार्तंड पळाला. मोटार बंद केली अन् बोंबलत सुटला. "उठा! गार्गी, ऊठ वं माय! शाळेकडं पळा सारे!"

"दारू पेला काय गा मार्तंडा?" लोकं शिव्या देऊन राहिले. त्यानं रडत रडत एकेकाले हाताले धरून ओढलं. मले सांगे, भाऊ, मी माझ्याच हातानं पोरीवर टाकी पाडत होतो. 

तीन वाजून वीस मिनिटांनी टाकी गेली. बरोबर मांडवावर. बाप्पा! एक खाट साबूत नाही राहिली. माणूस मात्र एकही गेला नाही. गार्गीचं लग्न संध्याकाळी शाळेच्या पटांगणात लागलं.

उजाडल्यावर मार्तंड एकटाच तिथं गेला. टाकी एका अंगाले आडवी पडली होती, मधला ओटा तेवढा उघडा होता. वामनरावचे ठिपके आखाडापर्यंतचे. तिथंच संपायले पाहिजे होते ना?

त्याच्यापुढं आणखी दहा होते. महिन्याले एक. वाळलेले.

अन् अकरावा... ओला.

मार्तंड खाली वाकला. ठशातल्या अंगठ्याले शेंडा नव्हता.